एका अशांत प्रदेशासाठी तासाभराची शांतीप्रार्थना: तयारी, मांडणी आणि पुढचे आठवडे

रविवारच्या उपासनेत "जगात शांती नांदो, युद्धे थांबोत" असे एक वाक्य येते आणि मंडळी आमेन म्हणून पुढे जाते. त्या वाक्यात चूक काही नाही. पण ते इतके मोघम असते की म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ना एखादे गाव उभे राहते, ना एखादा माणूस. काय मागितले हेच ठरलेले नसल्यामुळे पुढच्या रविवारी त्याचे काय झाले, असेही कोणी विचारत नाही. हिंसाचाराने होरपळलेल्या प्रदेशासाठी प्रार्थना करायची तर ती नेमकी हवी, दोन्ही बाजूंच्या माणसांना पोटात घेणारी हवी आणि एका दिवसात न संपणारी हवी. अशी तासाभराची सभा कशी बसवायची, ते पुढे क्रमाने दिले आहे. उदाहरण मणिपूरचे घेतले आहे. सुदान, गाझा, युक्रेन, म्यानमार किंवा पूर्व काँगो यांपैकी कोणत्याही ठिकाणासाठी पद्धत हीच राहील. प्रोटेस्टंट मंडळी, कॅथलिक धर्मग्राम, महिला मंडळ, तरुण संघ, कोणालाही ही सभा घेता येईल.

पहिली पायरी: एकच ठिकाण निवडा

एका सभेला एकच प्रदेश, हा नियम मोडू नका. पाच देशांची नावे घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात आणि पुन्हा सगळे मोघम होते. "मग बाकीच्यांचे काय?" असे कोणीतरी हमखास विचारते. त्याला उत्तर सोपे आहे: त्यांची पाळी पुढच्या महिन्यात.

ठिकाण निवडताना आपल्या मंडळीचा तिथे काही धागा आहे का, ते आधी बघा. पुण्यात आणि मुंबईत ईशान्य भारतातले विद्यार्थी आणि नोकरदार पुष्कळ आहेत. त्यातले काही तुमच्याच बाकांवर बसत असतील. आखातात किंवा इस्राएलमध्ये कामाला गेलेल्यांची घरे मंडळीत असतील. असा धागा असला की प्रार्थना आपोआप खरी होते. नसला तरी अडत नाही, फक्त माहितीची तयारी थोडी जास्त करावी लागते.

दुसरी पायरी: अर्ध्या पानाचे माहितीपत्रक

सभेच्या आधी तीन-चार दिवस दोघांनी मिळून हे काम करावे. एकाने लिहावे, दुसऱ्याने प्रत्येक वाक्य तपासावे. मजकूर ४०० शब्दांच्या आत असावा. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १०० शब्द होतात, म्हणजे वाचन चार मिनिटांत आटोपते. त्यापेक्षा लांबले की सभेचे बातमीपत्र होते.

पत्रकात चारच गोष्टी असाव्यात: हिंसा कधी आणि कशावरून सुरू झाली, कोण कोण त्यात सापडले आहे, आज तिथल्या सामान्य माणसाची अडचण नेमकी काय आहे, आणि शांतीसाठी तिथे कोण झटत आहे. मणिपूरचे पत्रक असे सुरू करता येईल:

"३ मे २०२३ रोजी मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो या समाजांमध्ये हिंसाचार सुरू झाला. मैतेई समाजाची अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी आणि तिच्या विरोधात डोंगरी जिल्ह्यांत निघालेले मोर्चे हे तात्कालिक कारण. त्यामागे जमीन, जंगल आणि सत्तेतला वाटा यांचे जुने ताण आहेत. २५० हून अधिक माणसे मारली गेली, सुमारे ६० हजार लोकांना घर सोडावे लागले. खोऱ्यातले कुकी डोंगरात गेले, डोंगरातले मैतेई खोऱ्यात आले. मधल्या पट्ट्यात सुरक्षा दले उभी राहिली."

यात विशेषणे नाहीत, हे लक्षात घ्या. "नराधम", "राक्षसी", "निष्पाप ख्रिस्ती बांधव" असे शब्द पत्रकात आले की ऐकणारा एका बाजूला जाऊन बसतो आणि पुढची प्रार्थनाही तिकडेच झुकते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर, विशेषतः "ताबडतोब प्रार्थना करा, आज रात्री अमुक ठिकाणी इतक्या जणांना ठार मारणार आहेत" अशा धाटणीचा, वापरू नये. असे निरोप वर्षानुवर्षे देश आणि तारखा बदलून फिरत राहतात. दोन वेगवेगळ्या वृत्तपत्रांत किंवा संबंधित चर्चच्या अधिकृत पत्रकात जे सापडेल तेवढेच घ्यावे.

गावांची नावे वाचकाकडून आधी म्हणवून घ्या: इंफाळ, चुराचांदपूर, कांगपोकपी, बिष्णुपूर, मोरे. ऐनवेळी अडखळत घेतलेले नाव तिथून आलेल्या माणसाच्या मनाला लागते. भिंतीवर मोठ्या कागदावर छापलेला नकाशा लावा आणि या जागांवर लाल खूण करा. नकाशाने फार फरक पडतो. डोळे मिटण्याआधी माणसाने ठिकाण पाहिलेले असते.

प्रेतांची, जखमांची छायाचित्रे लावू नका, पडद्यावरही दाखवू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील प्रार्थनेतसुद्धा उच्चारायचा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नयेच.

तिसरी पायरी: फक्त "आपल्या लोकांसाठी" प्रार्थना नको

इथेच बहुतेक सभा घसरतात. कुकी-झो समाज बहुसंख्येने ख्रिस्ती आणि मैतेई बहुसंख्येने हिंदू, म्हणून "ख्रिस्ती लोकांवरचा छळ" एवढाच अर्थ काढून प्रार्थना केली जाते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. चर्च मोठ्या संख्येने जळाली हे खरे. त्यात मैतेई ख्रिस्ती मंडळ्यांचीही प्रार्थनामंदिरे होती. मंदिरांचीही नासधूस झाली. दोन्ही समाजांच्या आया छावण्यांमध्ये दिवस काढू लागल्या.

छळ झाला असेल तर तो स्पष्ट शब्दांत सांगावा, झाकू नये. पण "तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा" ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:४४) सभेत वाचून दाखवायची आणि त्या वैऱ्यासाठी एक शब्दही मागायचा नाही, असे चालणार नाही. तपासायची एक साधी रीत आहे. लिहिलेल्या सर्व विनंत्या समोर ठेवा आणि दुसऱ्या बाजूची एखादी बाई मागच्या बाकावर बसून ऐकते आहे असे समजा. तिला आपल्या मेलेल्या माणसाचा उल्लेख कुठे सापडतो का? सापडत नसेल तर पुन्हा लिहा.

चौथी पायरी: वचने निवडताना विलापाला जागा द्या

शांतीवरची ठरलेली वचने सर्वांना पाठ असतात: मीखा ४:३ मधले तलवारींचे फाळ, मत्तय ५:९ मधले शांती करणारे. ती जरूर घ्या, पण त्यांनी सुरुवात करू नका. सुरुवात विलापाने करा. पवित्र शास्त्रात त्यासाठी भरपूर सामग्री आहे आणि आपल्या उपासनांमध्ये ती फारशी वापरली जात नाही.

स्तोत्र १३ अगदी लहान आहे. "किती काळ?" हा त्याचा प्रश्न मंडळीला लगेच पकडता येतो. स्तोत्र ७४ पवित्रस्थान जाळले गेल्यावरचे आहे. चर्च किंवा मंदिर जळालेल्या प्रदेशासाठी ते योग्य. स्तोत्र ४४ मध्ये लोक देवालाच जाब विचारतात. हबक्कूक १:२-४ मध्ये न्याय मिळत नाही अशी तक्रार आहे. विलापगीत २:११-१९ भुकेने रस्त्यात मूर्च्छित पडणाऱ्या मुलांविषयी आहे, म्हणून सुदान किंवा गाझासाठी प्रार्थना करताना ते वाचावे. मात्र ते सावकाश वाचा, आणि सभेला लहान मुले असतील तर मोजकीच वचने घ्या.

विलापानंतर आशेचे वचन. स्तोत्र ८५:१० मध्ये दया आणि सत्य एकत्र येतात, नीती आणि शांती एकमेकींना भेटतात. न्यायाशिवाय शांती मागू नये, हे सांगायला याहून चांगली जागा नाही. यिर्मया ६:१४ त्याच्या जोडीला ठेवता येईल: शांती नसताना "शांती, शांती" म्हणणाऱ्यांना तिथे खडसावले आहे. शुभवर्तमानातून लूक १९:४१-४२ घ्या. यरुशलेम पाहून प्रभू येशू रडला, हे वाचल्यावर लांब प्रवचनाची गरज उरत नाही.

एक सावधगिरी. स्तोत्र १३७ चा शेवट फार कठोर आहे. जखमी माणसाचा राग देवापुढे कसा ओतला जातो हे तिथे दिसते. पण समजावून न सांगता ते सभेत वाचले तर सूडाला आशीर्वाद दिल्यासारखे होते. पाळक किंवा फादर दोन वाक्ये बोलणार असतील तरच ते वाचा.

पाचवी पायरी: तासाची आखणी

वेळ ठरवून कागदावर लिहा आणि एकाला घड्याळ बघायला बसवा.

प्रारंभ आणि मौन, ३ मिनिटे
गीत, ४ मिनिटे
माहितीपत्रकाचे वाचन, नकाशा, ५ मिनिटे
विलापाचे स्तोत्र आणि मौन, ८ मिनिटे
पापांगीकार (आपल्या पापांची कबुली), ६ मिनिटे
वचन आणि मनन, ८ मिनिटे (त्यात बोलणे पाचच मिनिटे)
मध्यस्थीच्या विनंत्या (दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणे), १५ मिनिटे
मेणबत्त्या लावणे, गीत, ६ मिनिटे
प्रभूची प्रार्थना, शांतीचे अभिवादन, आशीर्वाद, ५ मिनिटे

विस्कटते ते नेहमी मननाच्या जागी. बोलणारा पाचाचे वीस मिनिटे करतो आणि मग मध्यस्थी घाईत उरकावी लागते. म्हणून मनन करणाऱ्याला आधीच सांगा की लोक प्रार्थनेसाठी आले आहेत. वाचक किमान चार असावेत, आवाज वेगवेगळे, स्त्री-पुरुष आणि एखादा तरुण. एकाच माणसाने तासभर बोलले की मंडळी प्रार्थना करत नाही, नुसती ऐकते.

सहावी पायरी: पापांगीकार

हिंसा दूर कुठेतरी घडली, मग आपण कशाची क्षमा मागायची? हा प्रश्न रास्त आहे. नहेम्या पहिल्या अध्यायात यरुशलेमेच्या उद्ध्वस्त वेशींसाठी प्रार्थना करतो तेव्हा "मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने" पाप केले असे म्हणतो. वेशी त्याने पाडलेल्या नव्हत्या. तोच कित्ता घ्यावा.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाले. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी पडक्या वेदीमागच्या भिंतीवर "हे पित्या, क्षमा कर" एवढेच कोरून घेतले. "त्यांना" हा शब्द त्यात घातला नाही. १९५८ मध्ये तिथे समेटाची एक प्रतिसाद-प्रार्थना रचली गेली. द्वेष, लोभ, मत्सर, दुसऱ्याच्या दुःखाविषयीची बेपर्वाई अशी एकेक गोष्ट घेऊन प्रत्येकीनंतर तेच शब्द मंडळी म्हणते. दर शुक्रवारी दुपारी ती तिथे म्हटली जाते आणि त्या चर्चशी जोडलेल्या जगभरच्या ठिकाणीही. आपल्या सभेसाठी तोच साचा घेऊन आपल्या पापांची नावे घालावीत:

वाचक: ईशान्येकडच्या माणसाला त्याच्या चेहऱ्यावरून हिणवले, त्याला घर भाड्याने नाकारले, यासाठी,
सर्व: हे पित्या, क्षमा कर.
वाचक: खरे की खोटे न बघता द्वेषाचे निरोप पुढे पाठवले, यासाठी,
सर्व: हे पित्या, क्षमा कर.
वाचक: दुसऱ्या समाजाचा माणूस मेला तेव्हा आम्ही बातमी उलटून पुढे गेलो, यासाठी,
सर्व: हे पित्या, क्षमा कर.
वाचक: आमच्याच मंडळीतले जुने वैर, जात आणि गट आम्ही जपून ठेवले, यासाठी,
सर्व: हे पित्या, क्षमा कर.

चार-पाच ओळी पुरेत. दहा-बारा झाल्या की प्रतिसाद यांत्रिक होतो.

एक चूक मात्र टाळाच. ज्यांची घरे जळाली त्यांना या ठिकाणी "क्षमा करा" असे सांगू नका, त्यांच्या वतीने क्षमा जाहीरही करू नका. क्षमेचा निर्णय ज्याच्यावर घाव झाला त्याचा. आपण आपल्या पापांची क्षमा मागावी आणि थांबावे.

सातवी पायरी: मध्यस्थीच्या विनंत्या लिहिणे

सभेचा गाभा हाच. विनंत्या आधी लिहून काढा. उत्स्फूर्त प्रार्थनेची सवय असलेल्या मंडळ्यांना हे रुचत नाही. पण हिंसाचारासारख्या विषयावर ऐनवेळी सुचलेले बोलणे हटकून तीनपैकी एका वाटेला जाते: देवाला बातम्या सांगणे, सरकारवर भाषण देणे, किंवा "तुझी इच्छा" म्हणून सगळे सोडून देणे. उत्स्फूर्त प्रार्थनेसाठी शेवटची तीन मिनिटे मोकळी ठेवा.

प्रत्येक विनंतीत तीन गोष्टी असाव्यात: कोणासाठी, काय मागतो आणि कुठे. मागणी शक्यतो अशी असावी की पुढच्या आठवड्यात तिचे काय झाले ते पाहता येईल. रस्ता उघडला का? छावणीत औषध पोचले का? चर्चेची फेरी झाली का? मृतदेह घरच्यांच्या हाती आले का? चुराचांदपूरमध्ये मे २०२३ पासून मारल्या गेलेल्या अनेकांचे मृतदेह शवागारात पडून होते, त्यांचे दफन डिसेंबरमध्ये झाले. त्या महिन्यांत "मृतांना मूठमाती मिळू दे" ही मागणी मणिपूरसाठीच्या प्रार्थनेत पहिली हवी होती.

आता एक विनंती जवळून पाहू. ऐनवेळी सुचली तर ती साधारण अशी येते:

"हे प्रभो, तुला माहीत आहे मणिपूरमध्ये काय चालले आहे, किती अन्याय होतो आहे, सरकार काही करत नाही, तू सर्वांना सद्बुद्धी दे, तिथे शांती येऊ दे, आमेन."

यात "सर्वांना" म्हणजे कोणालाच नाही. हीच विनंती अशी लिहिता येईल:

वाचक: हे पित्या, घर सोडून मदत छावण्यांत राहावे लागलेल्या कुटुंबांना आम्ही तुझ्यापुढे आणतो, चुराचांदपूरच्या आईला आणि इंफाळच्या आईलाही. पावसात त्यांच्या डोक्यावर कोरडे छप्पर असू दे. तापाने फणफणलेल्या लेकराला औषध मिळू दे. आपल्या गावी परतण्याची वाट त्यांच्यासाठी मोकळी कर.
(वीस सेकंद मौन)
वाचक: प्रभो, तुझ्या दयेने,
सर्व: आमची प्रार्थना ऐक.

आणि जी विनंती लिहिताना हात अडखळतो, ती शस्त्रधाऱ्यांसाठीची:

वाचक: हे प्रभो, बंकरमध्ये रात्र जागणाऱ्या दोन्हीकडच्या तरुणांसाठी आम्ही मागतो. ज्यांनी रक्त सांडले त्यांचे मन वळव. जे आज बंदूक हाती घेण्याच्या विचारात आहेत त्यांना थोपव. त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना "पुरे" म्हणण्याचे धैर्य दे.
(वीस सेकंद मौन)
वाचक: प्रभो, तुझ्या दयेने,
सर्व: आमची प्रार्थना ऐक.

एकूण आठ विनंत्या बसतात: विस्थापित, मृतांची कुटुंबे, अत्याचार सोसलेल्या स्त्रिया, मुले आणि त्यांची शाळा, शस्त्र हाती असलेले, निर्णय घेणारे सत्ताधारी आणि सुरक्षा दले, जखमींवर उपचार करणारे आणि मदत पोचवणारे, आणि दोन्ही समाजांतले पाळक, धर्मगुरू व बोलणी करणारे. सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करायला तीमथ्याला पहिल्या पत्रात (२:१-२) सांगितलेच आहे. तिथे पक्षाचे किंवा नेत्याचे नाव घेऊन स्तुती-निंदा करू नका. कोणता निर्णय व्हावा ते मागा.

प्रत्येक विनंती पन्नास ते साठ शब्दांची. मौन आणि प्रतिसाद धरून दीड मिनिट. आठ विनंत्यांची बारा मिनिटे, आणि उरलेली तीन उत्स्फूर्त प्रार्थनेला. प्रतिसादाचे वाक्य सभेच्या सुरुवातीला दोनदा म्हणून घ्या आणि सबंध सभेत बदलू नका.

मौन, मेणबत्त्या आणि गीते

मौन किती वेळ आहे ते आधी सांगा: "आता दोन मिनिटे शांत बसू, घंटा झाली की पुढे जाऊ." हे न सांगता थांबले तर अर्ध्या मिनिटातच खोकणे, चुळबूळ सुरू होते आणि कोणीतरी घाबरून गीत सुरू करतो. घड्याळ एकाच्याच हाती द्या.

मेणबत्त्यांसाठी मोठी परात, त्यात दीड-दोन इंच कोरडी वाळू, आणि त्यात खोचायला बारीक मेणबत्त्या. हातात धरायला दिल्या तर मेण अंगावर आणि फरशीवर गळते, आणि दाटीवाटीत पदर-ओढण्यांना धोका होतो. पंखे आधी बंद करा. दोघांनी परातीशी उभे राहावे, जवळ पाण्याची बादली असावी. लोकांनी ओळीने यावे, मेणबत्ती लावावी, नकाशावरच्या एका गावाचे नाव मनात घेऊन परत जावे. पन्नास माणसांना साधारण पाच-सहा मिनिटे लागतात. माणसे जास्त असतील तर दोन पराती ठेवा.

गीते निवडताना लढाईच्या रूपकांची, विजयाच्या घोषणांची गीते त्या दिवशी बाजूला ठेवा. एरवी त्यांचा अर्थ आत्मिक लढ्याचा असतो, पण खरी लढाई चालू असलेल्या ठिकाणासाठी प्रार्थना करताना ती कानाला बोचतात. संथ चालीची गीते घ्या. नारायण वामन टिळकांची भजने आणि अभंग इथे फार शोभतात: पेटीसोबत, टाळ अगदी हलके, ठेका न वाढवता. टाळ्या नकोत.

"मला तुझ्या शांतीचे साधन कर" या अर्थाची प्रार्थना पुष्कळ ठिकाणी म्हटली जाते. ती म्हणायला हरकत नाही, फक्त "असिसीच्या संत फ्रान्सिसने लिहिलेली" असे जाहीर करू नका. ती पहिल्यांदा १९१२ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली.

त्या प्रदेशातली व्यक्ती सभेत असेल तर

तिला आधी, एकांतात विचारा: सभेत आपला उल्लेख झालेला चालेल का, काही बोलायचे आहे का, की नुसते बसायचे आहे? "नको" म्हणाली तर तिथेच थांबा. ऐनवेळी "आपल्यामध्ये मणिपूरची आपली बहीण आहे, तिने दोन शब्द बोलावे" असे माइकवरून बोलावणे हा अत्याचार आहे, प्रेमाने केला तरी. दोन्ही समाजांची माणसे एकाच सभेत असू शकतात, हे विसरू नका. बसण्याची जागा त्यांची त्यांना निवडू द्या. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी त्यांना समोरासमोर आणून हात मिळवायला लावू नका, फोटो तर मुळीच काढू नका.

कोणी बोलायला तयार असेल तर आपल्या भाषेत एखादी विनंती वाचू द्या. मैतेइलोन किंवा थाडोमध्ये वाचलेली दोन वाक्ये मंडळीला कळली नाहीत तरी चालतात. मराठी अर्थ पत्रकावर छापा.

सभेचे थेट प्रक्षेपण करण्याआधी विचार करा. त्या प्रदेशात काम करणाऱ्या पाळकाचे, सिस्टरचे किंवा कुटुंबाचे नाव आणि गाव समाजमाध्यमावर गेले तर त्यांनाच धोका होऊ शकतो. प्रक्षेपण करायचे असेल तर नावे वगळलेली वेगळी प्रत वाचकांच्या हाती द्या.

इतर धर्मांचे शेजारी येणार असतील तर

त्यांना ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावू नका, आणि आपली प्रार्थनाही पातळ करू नका. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीला वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांना बोलावले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या जागी आपापल्या रीतीने प्रार्थना केली आणि मग सारे एकत्र जमले. ही घडी आजही उपयोगी आहे. लायबेरियात २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसल्या, दोघींनी आपापली प्रार्थना केली आणि मागणी मात्र एकच ठेवली: बोलणी सुरू करा, युद्ध थांबवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अक्रा इथे शांतीकरार झाला. त्यांच्या पुढारी लेमा बोवी या लुथरन मंडळीच्या. त्यांना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. महिला मंडळांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावे.

सभा चर्चच्या आवारात, दाराआड असेल तर फारसे काही लागत नाही. रस्त्यावर मेणबत्ती फेरी काढायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन परवानगी घ्या. मार्ग, वेळ, माणसांचा अंदाज आणि दोन जबाबदार व्यक्तींचे फोन अर्जात लिहा. ध्वनिक्षेपकालाही वेगळी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो चालत नाही.

घरी करायची झाली तर

कुटुंब-प्रार्थनेत दहा मिनिटे पुरतात. एक विलापाचे स्तोत्र, दोन विनंत्या, एक मिनिट मौन, प्रभूची प्रार्थना. कॅथलिक घरांत रोझरीच्या पाच रहस्यांना पाच विनंत्या जोडता येतात. मुलांना एकच गाव द्यावे आणि त्या गावातल्या शाळेसाठी त्यांनाच मागू द्यावे. मुले नेमके मागतात.

पुढचे आठवडे

एकदाच घेतलेली सभा आठवडाभरात विसरली जाते, म्हणून वार आणि वेळ ठरवून टाका. जर्मनीतल्या लाइप्झिग शहरात निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीप्रार्थना होत असे. कित्येक सोमवारी मोजकीच माणसे यायची, तरी वार चुकवला नाही. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर चालले आणि गोळी सुटली नाही. इतकी वर्षे चालवायची ताकद सर्वांकडे नसते. तीन महिने, दर आठवड्याला अर्धा तास, एवढे कोणत्याही मंडळीला जमते. मोठी सभा मग वर्षातून एक-दोनदा: १ जानेवारीला, जो कॅथलिक चर्च १९६८ पासून शांतीदिन म्हणून पाळते, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांच्या जागतिक प्रार्थनादिनी, किंवा २१ सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय शांतता दिनी.

एक वही ठेवा. डाव्या पानावर विनंती आणि तारीख, उजव्या पानावर पुढे काय झाले ते. दर आठवड्याला सभेआधी दहा मिनिटे ती उघडा. रस्ता उघडला असेल तर त्या विनंतीच्या जागी उपकारस्तुती येईल. काहीच हलले नसेल तर तीच विनंती तशीच पुन्हा वाचा. शब्द नवे करायच्या मागे लागू नका, स्तोत्रकर्तेही "किती काळ?" पुन्हापुन्हा विचारतात. दानपेटीत जमलेले पैसे तिथे आधीपासून काम करणाऱ्या ओळखीच्या संस्थेकडे किंवा धर्मप्रांतामार्फतच पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. न विचारता जुने कपडे गोळा करून पाठवू नका. ते पोचवायचा खर्चच जास्त होतो आणि छावणीत ठेवायला जागा नसते.

युद्धविराम झाल्याची बातमी आली की सभा बंद करायचा मोह होतो. त्या दिवशी उपकारस्तुती करा आणि पुढच्या आठवड्याच्या विनंत्या बदलून लिहा: शस्त्रे परत येण्यासाठी, बेपत्ता माणसांच्या शोधासाठी, खटले चालण्यासाठी, जळालेली घरे उभी राहण्यासाठी, आणि एकाच बाजारात दोन्ही समाजांचे लोक पुन्हा भाजी घ्यायला येण्यासाठी. छावणीतले शेवटचे कुटुंब घरी पोचल्याची नोंद वहीच्या उजव्या पानावर होत नाही, तोवर ती सभा चालू ठेवावी.